गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा घरच्या घरी बदलायच्या आहेत, जमेल का?

ढकलगाडी:
मंडळी, जरा मदत हवीय. माझी छोटी हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, वय झालंय पण इंजिन अजून ठणठणीत. सध्या जागेवर स्टिअरिंग फिरवलं की पुढून डावीकडून टण्ण असा आवाज येतो, खड्ड्यात गेली की खडखडते आणि लांबून बघितलं तर गाडी डावीकडे कललेली दिसते. आधी वाटलं स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी काडी) नाहीतर लोअर आर्मचा बुश (जोडातलं रबर) गेला असेल. पण चाकाच्या आत टॉर्च मारून बघितलं तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाच तुटलाय, साधारण अर्धा वेढा, आणि तो तुकडा तिथेच खालच्या वाटीत अडकून बसलाय.

माझ्याकडे ट्रॉली जॅक आहे, दोन स्टँड, सॉकेट सेट, लांब दांड्याचा पाना. ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी हे सगळं घरीच करतो त्यामुळे हात अगदीच कच्चा नाही. व्हिडिओत बघितलं तर स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हणून दोन लांब स्क्रू असतात, ते लावतात, आवळतात, वरचा नट काढतात, झालं. खरंच इतकं सोपं आहे का? एकच बदलू का दोन्ही? शॉकअप गळत नाहीयेत, तरी सोबत बदलावेत का? आणि मागच्या स्प्रिंगापण बसल्यात असं वाटतंय, डिकीत सामान टाकलं की चाक पार मडगार्डात जातं. सांगा.

न्यूट्रल:
बाकीचं नंतर, आधी ती गाडी चालवणं बंद कर. बऱ्याच गाड्यांत स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) खालची वाटी टायरच्या अगदी जवळ असते. तो तुकडा निसटला आणि स्प्रिंग वाटीवरून घसरली की तुटकं टोक सरळ टायरच्या आतल्या बाजूत घुसतं. बाजूने फाटलेल्या टायरचं पंक्चर निघत नाही आणि ते वेगात असताना झालं तर काय होईल ते सांगायला नको.

तेलकट_हात:
जमेल, पण सगळं नाही. माझं सरळ मत असं की स्ट्रट गाडीतून काढणं आणि परत बसवणं हे घरी करण्यासारखं काम आहे, आणि स्प्रिंग दाबून मधला नट उघडणं हे गॅरेजमधल्या प्रेसवर करून घ्यावं. दोन्ही सुटे स्ट्रट, नवीन स्प्रिंगा आणि बाकी रबरी सामान घेऊन जायचं, तिथे पायावर उभा असलेला नाहीतर भिंतीला ठोकलेला प्रेस असतो, दहा-पंधरा मिनिटांत एक बाजू होते. नव्वद टक्के मजुरी तुझी वाचली आणि जे दहा टक्के जिवावर बेतू शकतं ते योग्य हत्यारावर झालं.

आता काढायचं कसं. गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घे, मातीवर किंवा उतारावर अजिबात नको. हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लाव. व्हील नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घे, वर घेतल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. मग जॅक, मग दोन्ही बाजूंना स्टँड, आणि स्टँडवर वजन बसल्यावर गाडीला हाताने चांगलं हलवून बघ. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालायचा नाही, हायड्रॉलिक जॅकचं सील कधी बसेल ते जॅकलाही माहीत नसतं.

चाक काढलं की ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटला ज्या क्लिपने धरलीय ती सोडव. ही वायर लोक विसरतात, मग नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) खाली झुकलं की ती ताणली जाते आणि आतून तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही, नुसता डॅशबोर्डवर दिवा. नंतर स्टॅबिलायझर लिंकचा नट. हा गंजलेला असणार हे धरूनच चाल, आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव, आट्यांवरची माती वायर ब्रशने काढ. नटाबरोबर आतला बॉल जॉइंटपण फिरायला लागतो, तेव्हा टोकाच्या खाचेत एलन की घालून धरायचं आणि बाहेरून रिंग पान्याने नट फिरवायचा. खाच गोल झाली तर वेळ घालवू नकोस, नट कापून नवीन लिंक टाक, ती तशीही झिजायचीच वस्तू आहे.

मग स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन मोठे बोल्ट, बहुतेक छोट्या गाड्यांत १७ नाहीतर १९ नंबर. काढायच्या आधी पेंटने किंवा खिळ्याने ओरखडा काढून नकलची जागा स्ट्रटवर खूण करून ठेव. काही गाड्यांत यातला वरचा बोल्ट कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट करायचा असतो, खूण असली की निदान जवळपास तिथेच बसवता येतं. बोल्ट काढल्यावर नकल बाहेरच्या बाजूला कोसळू देऊ नकोस, तारेने नाहीतर दोरीने वर बांध. ते बाहेर कललं की ब्रेकच्या पाइपवर वजन येतं आणि वर ड्राइव्ह शाफ्ट ओढला जाऊन आतल्या बाजूचा जॉइंट सुटतो. तो सुटला की अर्ध्या दिवसाचं काम दीड दिवसाचं झालं म्हणून समज.

शेवटी बॉनेट उघडून वरचे नट, बऱ्याचदा तीन असतात. एका हाताने खालून स्ट्रट धरून ठेव, नाहीतर शेवटचा नट निघाला की धाडकन खाली येतो. मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. बाजूचे छोटे नट फक्त बॉडीला धरतात, मधला नट अख्खी दाबलेली स्प्रिंग धरतो. हे एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

शॉकअपचं म्हणशील तर स्प्रिंग काढल्यावर रॉड हाताने आत दाबून बाहेर ओढून बघ. पूर्ण लांबीभर एकसारखा जड जायला हवा. मधे कुठे एकदम मोकळा झाला किंवा अडकला तर गळत नसला तरी गेलाय. गाडीचं वय बघता मी तरी बदलून टाकेन, कारण परत तेच सगळं खोलायचं कोणाला हौस आहे.

उंटावरचा_शहाणा:
एवढं घाबरवायचं काय त्याला? कॉम्प्रेसर लावून लोक घरी करतातच की रोज. आणि कॉम्प्रेसर नसला तरी अडत नाही, गाडी चाकावर असताना स्प्रिंग आपोआप दबलेली असते, तेव्हाच वेढ्यांना जाड तार नाहीतर पट्टा घट्ट गुंडाळायचा, मग गाडी वर घेतली की स्प्रिंग दबलेलीच राहते. आमच्याकडे एक मिस्त्री असंच करायचा, मी डोळ्यांनी बघितलंय.

आकडेमोड:
शहाणेसाहेब, मिस्त्रीचं नशीब चांगलं म्हणायचं. जरा हिशोब करूया. छोट्या गाडीची पुढची स्प्रिंग समजा एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन घेते आणि आपण ती १५० मिलिमीटर दाबलीय. म्हणजे तिचा जोर ३७५० न्यूटन, साधारण ३८० किलो वजनाएवढा. आत साठलेली ऊर्जा, अर्धा गुणिले कडकपणा गुणिले दाबाचा वर्ग, २८१ जूल. जवळपास २८ किलोचं पोतं एक मीटरवरून अंगावर पडावं एवढी. आणि स्प्रिंगचं वजन दोन किलो धरलं आणि सगळी ऊर्जा तिच्या पळण्यात गेली तर वेग निघतो सेकंदाला जवळपास १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर. दोन किलोचा लोखंडी गोळा साठच्या स्पीडने हनुवटीखालून. तार तुटेल का टिकेल हे तार ठरवणार, आपण नाही.

शिवाय पट्टा नायलॉनचा असेल तर तो ताणतो, आणि वेढ्याच्या कडेवर किंवा गंजलेल्या भागावर घासला की कापला जातो. आणि या धाग्यात तर स्प्रिंग आधीच तुटलेली आहे! तिचं खालचं टोक धारदार आहे आणि वाटीत नीट बसलेलं नाही, ती दाबताना तिरकी होणार हे नक्की.

उंटावरचा_शहाणा:
बरं बाबा, तारेचं मागे घेतो. पण स्क्रूवाल्या कॉम्प्रेसरला तरी नाही म्हणू नका, ते हत्यार त्याच कामासाठी बनवलेलं आहे ना.

तेलकट_हात:
बनवलेलं आहे, मान्य. पण स्वस्तातले जे येतात त्यांचे हुक बोथट असतात आणि आटे मऊ. प्रेस जवळपास मिळतच नसेल तर ते असं वापरा:

दोन स्क्रू एकमेकांच्या बरोबर समोर, हुक जितके जास्त वेढे धरतील तितके धरायचे, आणि हुकला सेफ्टी पिन असलेलंच घ्यायचं, बिनपिनाचं घेऊच नका. आट्यांना ग्रीस. इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे असं आळीपाळीने, हाताच्या पान्यानेच, इम्पॅक्ट गन बिलकुल नाही कारण गनने आटे तापून चिकटतात आणि एक बाजू कधी पुढे गेली कळतही नाही. स्प्रिंग केळ्यासारखी वाकायला लागली की थांबा, सैल करा, हुक सरकवून परत लावा. वरच्या सीटपासून स्प्रिंग मोकळी झाली, हाताने थोडी हलायला लागली की पुरे, त्यापुढे दाबायची हौस नको. मगच मधला नट. आणि हे सगळं करताना स्ट्रटचं तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडे तर नकोच, भिंतीकडे करून ठेवायचं, डोळ्यांना गॉगल. दाबलेली स्प्रिंग तशीच ठेवून जेवायला वगैरे जायचं नाही.

मधला नट काढताना रॉडपण फिरतो. तिथे रॉडच्या डोक्यात एलन की घालूनच धरायचं. मी लोकांना चकचकीत रॉड पकडीने धरताना बघितलंय, त्या पकडीच्या दातांचे ओरखडे दर खड्ड्याला ऑइल सीलमधून वरखाली जातात, महिनाभरात शॉकअप ओला.

ढकलगाडी:
बापरे, साठच्या स्पीडचं वाचून कॉम्प्रेसरचा नाद सोडला. प्रेसवरच करून घेतो. पण दोन्ही बाजूंच्या बदलायच्या का ते कोणी सांगितलं नाही. आणि नवीन स्प्रिंग मागवताना काय बघायचं, एकाच मॉडेलला चार-पाच पार्ट नंबर दिसतायत.

न्यूट्रल:
दोन्ही. जुनी स्प्रिंग बसलेली असते, एकीकडे नवीन टाकलीस की गाडी आता उजवीकडे कलेल आणि ब्रेक मारताना ओढेल. शिवाय जी डावीकडे झाली ती गंज लागूनच झाली, उजवीनेही तेवढाच पाऊस आणि चिखल खाल्लाय. खालच्या वाटीत पाणी आणि माती साचते, दगड लागून स्प्रिंगवरचा रंग उडतो, तिथे गंजाचा छोटा खड्डा पडतो आणि भेग तिथूनच सुरू होते. म्हणून तर बहुतेक वेळा खालचाच वेढा जातो.

पार्ट नंबरचं म्हणजे डिझेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक, एसी या सगळ्यावर पुढचं वजन बदलतं म्हणून स्प्रिंगा वेगळ्या. चासी नंबर देऊनच मागव. जुन्या स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतील तर त्याचा फोटो काढून ठेव, तो ग्रेडचा कोड असतो. काही गाड्यांत डावी-उजवीपण वेगळी असते.

तेलकट_हात:
आणि नुसत्या स्प्रिंगा घेऊन जाऊ नकोस. वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचं रबर, हे सगळं सोबत घे, आणि मधला नटही नवीन, तो सेल्फ लॉकिंग असतो, एकदा काढलेला परत वापरायचा नसतो. बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघ, खरखर लागली तर जागेवर स्टिअरिंग फिरवतानाचा थोडा आवाज तिथूनही येत होता. बसवताना स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे, तिथे प्रेसवाल्याच्या शेजारी उभा राहून स्वतः बघ, घाईत ते पायरीच्या वर चढवून ठेवतात. स्प्रिंगवर छापलेली अक्षरं बहुतेक वेळा सरळ वाचता येतील अशी बसतात, उलटी दिसली तर विचार. आणि दोन्ही स्ट्रटवर डावा-उजवा लिहून ने.

गिअरबॉक्स_काका:
मागचं कोणीच बोलेना म्हणून लिहितो. तुझी मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) असेल आणि स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा असा प्रकार असेल, बहुतेक छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत असतोच, तर ते काम तू घरी बिनधास्त कर बाळा, कॉम्प्रेसर लागत नाही. गाडी बॉडीखाली स्टँडवर, यावेळी ठोकळे पुढच्या चाकांना आणि गाडी गिअरमध्ये, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि ती चाकं तर हवेत. जॅक बीमखाली मधोमध लावून थोडा आधार दे, मग दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढ, मग जॅक हळूहळू खाली. शॉकअप सुटला की बीम आणखी खाली येते, स्प्रिंग पूर्ण मोकळी होते, हाताने काढता येते. फक्त खाली सोडताना ब्रेक पाइपवर एक डोळा ठेव, तो ताणायला लागला की तिथेच थांब, लागलं तर ब्रॅकेटमधून पाइप सोडवून घे. वरखालची रबरं जुनी झाली असतील तर तीही बदल, नाहीतर कुरकुर सुरू होईल.

एक महत्त्वाचं. बुशमधून जाणारे बोल्ट, म्हणजे शॉकअपचा खालचा, लोअर आर्मचे वगैरे, हे गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकावर उतरव, दोन-चारदा दाबून हलव, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) शेवटचं आवळ. रबराच्या बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि रबर फक्त पिळ खातं. लटकत्या अवस्थेत आवळलंस तर गाडी खाली आली की ते रबर कायम पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडीही जरा उंच दिसते, मग लोक म्हणतात नवीन स्प्रिंग खराब आली.

आणि वेढ्यांच्या मधे घालायचे ते रबरी गट्टू कोणी सुचवले तर नको म्हण. गट्टू घातला की तेवढे वेढे काम करेनासे होतात, उरलेल्यांवर जास्त ताण येतो, गाडी उंच होते आणि स्प्रिंग लवकर मोडते.

ढकलगाडी:
काम झालं मंडळी! आधी मागचं केलं, काकांनी सांगितलं तसंच, खरंच स्प्रिंग हातात आली. पुढचं रडवणारं होतं. उजव्या लिंकचा नट कापावा लागला. प्रेसवाला स्प्रिंगचं टोक पायरीवर न टेकवताच सोडायला निघाला होता, मी थांबवलं, तर म्हणतो आपोआप बसतं. परत दाबायला लावलं. शॉकअप डावा हाताने नुसता सुळकन आत जात होता, दोन्ही नवीन टाकले.

आता दोन गोष्टी. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं तर दोन्ही बाजू आता सारख्या आहेत पण गाडी आधीपेक्षा बऱ्यापैकी उंच दिसतेय. आणि हळू चालवताना खडबडीत जागी उजवीकडून टक टक येतंय, टण्ण नाही, बारीक टक टक. स्टिअरिंगही किंचित वाकडं राहतंय.

न्यूट्रल:
उंची: आधीची बसलेली होती म्हणून तुला जास्त वाटतंय, शिवाय नवीन स्प्रिंग थोडी बसते. काहीशे किलोमीटर चालव मग मोज. स्टिअरिंग वाकडं म्हणजे टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय, व्हील अलाइनमेंट लागणारच, उंची बदलली की कोन बदलतात. फक्त अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यावर कर, आज करून परत करावी लागेल. फार ओढत असेल तर मात्र थांबू नको, टायर कडेने खाऊन टाकेल. हेडलाइटपण बघ, मागचं वर आलं की झोत खाली जातो आणि पुढचं वर आलं की समोरच्याच्या डोळ्यात.

तेलकट_हात:
बारीक टक टक म्हणजे आधी नवीन लिंकचा नट बघ. तो आवळताना आतला बॉल फिरत राहतो आणि आपल्याला वाटतं घट्ट झाला. एलन की घालून परत टॉर्क दे. दुसरं म्हणजे बॉनेट उघडून वरच्या माउंटिंगवर तळहात ठेव आणि कोणालातरी स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवायला सांग, हाताला धक्का लागला तर वरचे नट किंवा बेअरिंग. खाली वेढ्यांमध्ये बोटं घालून बघू नकोस हां. व्हील नटही एकदा तपास, छोट्या गाड्यांना बहुतेक ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या मधे कुठेतरी असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

ढकलगाडी:
लिंकच होती. उजवीकडच्या नटाने एलन की धरल्यावर आणखी जवळपास एक पूर्ण फेरा घेतला. आवाज गेला. डावीकडची पण तपासली, ती घट्ट होती. अलाइनमेंट थोडी चालवून झाल्यावर करतो. जुन्या उजव्या स्प्रिंगचा खालचा वेढा वायर ब्रशने घासून बघितला, रंगाखाली गंजाचे खड्डे आहेत आणि एका ठिकाणी नखाला लागेल एवढी भेग. फोटो टाकतो संध्याकाळी.